ब्युइकमधला गारवा

सिग्नलला गाडी उभी होती. फिदेन्सिओ ब्राकामोंते समोरच्या ट्रकच्या मागे चिकटवलेल्या कुत्र्याच्या चित्राकडे बघत होता, तेवढ्यात शेजारी बसलेली त्याची आई, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "ह्याला काय गारवा म्हणायचा? गारवा माझ्या गाडीत होता." त्याच्या छोट्या जपानी गाडीतल्या एसीच्या झडपेपुढे तिने हात धरला, बाजारात शिळी भाजी चाचपावी तसा, आणि मागे घेतला. मे महिना निम्मा सरला होता. वाळवंटातल्या टूसॉन शहरावर एकशे चार अंश फॅरनहाइटचं ऊन उभं होतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने भोंगा वाजवला, तरी फिदेन्सिओचा पाय ब्रेकवरून उठेना. 'माझ्या गाडीत.' ती गाडी त्याने जन्मभर 'बाबांची ब्युइक' म्हणूनच ऐकली होती. सदुसष्ट सालची, फिरोजी रंगाची, होडीएवढी लांब. घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली ती गेली तीस वर्षं विटांवर उभी होती. बाबांनी घेतली, बाबा गेल्यावर आईने काही वर्षं चालवली, मग एसीचा गॅस संपला आणि एके दिवशी तिने चाव्या खिळ्याला टांगल्या त्या टांगल्याच.

"तुझी कशी? बाबांची ना?" त्याने पुढच्या चौकात विचारलं.

"रंग त्याने निवडला," एर्मिनिया म्हणाली. "थंडी मी निवडली. दुकानात तो म्हणत होता, काचा खाली केल्या की येतो वारा. मी म्हटलं, मग तू एकटाच जा घरी." आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. शहाऐंशी वर्षांची बाई; तिचं एखादं वाक्य संपलं की ते संपलं.

त्या दुपारी फिदेन्सिओ शेडमध्ये गेला. एकतीस वर्षं ह्याच शहरात त्याने टपाल वाटलं होतं, एसी नसलेल्या सरकारी गाडीतून, डॅशबोर्डवर भिरभिरणाऱ्या एका टीचभर पंख्याच्या भरवशावर. उन्हाशी त्याचं सूत जमलेलं होतं. गारव्यावर त्याचा विश्वास नव्हता. गारव्यात राहणाऱ्या लोकांची पत्रं त्याने त्यांच्या दारातल्या फटीतून आत सरकवली होती, फटीतून येणारी थंड हवेची तिरीप मनगटावर घेतली होती आणि पुढच्या घराकडे वळला होता. आता त्याने ब्युइकचं दार ओढलं. ते कुरकुरत उघडलं आणि आतून वास आला, तापलेल्या जुन्या रेक्झिनचा, धुळीचा, आणि त्यांच्या खाली कुठेतरी, खात्री देता येणार नाही इतका पुसट, चेहऱ्याच्या पावडरीचा. त्या वासाने त्याला थेट लहानपणात नेलं. तो नऊ वर्षांचा होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होता. जुलै महिना, छतावरचा कूलर दमट हवेत नुसता ओलसर फुंकर मारतोय, आजी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून गुडघ्यांवरून, सुनेवरून, बिघडलेल्या टॉर्टिया-पोळ्यांवरून बोलतेय. आणि अंगणात ब्युइक उभी आहे, काचा वर, इंजिन चालू. आत आई एकटी. तिचे ओठ हलतायत. ती कुणाशी तरी बोलतेय, हातवारे करतेय, मध्येच मान वेळावतेय, आणि शेजारच्या सीटवर कुणीही नाही. इंजिन चालू आहे म्हणजे निघायची तयारी आहे, एवढं त्याला कळत होतं. गियर टाकायचा तेवढा बाकी. तो हातात रिकामा पेला धरून उभा राहायचा आणि गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघायचा. ते पांढरे झाले की ती मागे निघाली, की संपलं. दिवे कधी पांढरे झाले नाहीत. थोड्या वेळाने आई आत यायची, जाता जाता त्याच्या मानेवर हात ठेवायची, आणि तो हात इतका गार असायचा की तो दचकायचा. तो गारवा तिने कुठल्यातरी दूरच्या गावाहून आणलाय असं त्याला वाटायचं. ती तिथे जाऊन आलीय, आणि एक दिवस तिथेच राहील.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मोठेपणी स्वतःलाही धड सांगितलं नाही. पण टपालखात्याने समुद्राकाठच्या गावी बदली देऊ केली तेव्हा त्याने नको म्हटलं. अम्पारो नावाची एक हसरी परिचारिका तीन वर्षं त्याच्यासाठी थांबली आणि शेवटी सान दिएगोला निघून गेली, तेव्हाही त्याने स्टेशनवर तिची बॅग उचलून दिली, एवढंच. आईला एकटं कसं सोडायचं, असं तो म्हणायचा. ऐकणारे त्याच्या खांद्यावर थोपटायचे. आई मात्र त्या काळात टेलिफोन कंपनीत नोकरीला जात होती, मैत्रिणींबरोबर पत्ते खेळत होती, आणि तिला कुणाच्या सोबतीची गरज आहे अशी शंका तिच्याकडे बघून कुणालाही आली नसती.

ब्युइकचा एसी दुरुस्त करायचं त्याने ठरवलं. सोकोर्रो येस्कासचं गॅरेज त्याच्या टपालाच्या जुन्या बीटवर होतं. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, कानात मोठ्या रिंगा घालणारी बाई. हसली की तिच्या पत्र्याच्या भिंती हसायच्या. ट्रकवरून ब्युइक उतरताना बघून ती ओरडली, "पोस्टमन! हे एवढं मोठं पार्सल? सही कुठे करू?" तिने बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि बराच वेळ तिचा फक्त आवाज येत राहिला. "नळ्या गेल्या... ही गेली... हीही गेली... हा कॉम्प्रेसर बघ, काय धोंडा आहे! दोन माणसं लागतील उचलायला." मग डॅशबोर्डखालची हवेची पेटी उघडली तेव्हा ती दोन पावलं मागे सरली. पेटीत रानउंदरांनी संसार थाटला होता. निवडुंगाचे काटेरी गोळे, मेस्किटच्या शेंगा, ख्रिसमसच्या झाडाची चमकी, कुणाच्या तरी कुत्र्याचं खाणं, आणि मधोमध, उशाशी ठेवावा तसा, प्लॅस्टिकचा अर्धा संत. "कुठला संत आहे?" फिदेन्सिओने विचारलं. "खालचा अर्धा आहे," सोकोर्रो म्हणाली. "पायांवरून मी नाही ओळखत."

ती म्हणाली, सगळं काढून फेकू, नव्या पद्धतीचा छोटा कॉम्प्रेसर बसवू, आठवड्यात गाडी गार. फिदेन्सिओने मान डोलावली. पण आईला ते सांगितल्यावर तिने दुसऱ्या दिवशी त्याला आपल्याला गॅरेजमध्ये न्यायला लावलं, काठी टेकत कामाच्या टेबलापर्यंत गेली आणि त्या काळ्या, तेलकट धोंड्यावर तळवा ठेवला.

"सोकोर्रो, माझ्या गुडघ्यात डॉक्टरने नवा सांधा घातलाय. उत्तम चालतो. पण तो माझा नाही, पाहुणा आहे. रोज सकाळी त्याला विचारावं लागतं, उठायचं का म्हणून. इथे तसं करू नकोस बाई."

"मावशी, वेळ लागेल."

"मला कुठे घाई आहे? घाई ह्याला आहे, रिकामटेकड्याला."

मग जुनाच कॉम्प्रेसर उघडायचं ठरलं. फिदेन्सिओ रोज सकाळी गॅरेजमध्ये जायला लागला. आधी नुसता उभा राहायचा. मग सोकोर्रोने त्याच्या हातात ब्रश दिला. त्याने उंदरांचा संसार खरवडून काढला, पेटी धुतली, पुन्हा धुतली. नळ्यांच्या सांध्यांतले जुने रबरी वॉशर बोटाने दाबले की बिस्किटासारखे मोडायचे. त्यांच्या जागी नवे, हिरवे, तेलात बुडवून बसवायचे. हे काम त्याला विलक्षण आवडलं. आयुष्यभर तो दारापर्यंत गेला होता आणि परतला होता. एखाद्या गोष्टीच्या आत बसून, तिचा एकेक सांधा हाताळून ती पुरती ओळखीची करून घेणं त्याने कधी केलं नव्हतं. दुपारी सोकोर्रो मिरचीत शिजवलेलं मांस आणि टॉर्टिया आणायची. दोघं ब्युइकच्या मागच्या सीटवर बसून खायचे, दारं सताड उघडी, पाय बाहेर, आणि ती त्याला तिच्या दोन्ही नवऱ्यांच्या गोष्टी सांगायची. दोन्ही नवरे तिच्या गोष्टींत एकमेकांचे मित्र असायचे. तो हसायचा, आणि हसता हसता स्वतःचंच हसणं ऐकून जरा बावचळायचा.

सगळं जोडून झाल्यावर नळ्यांमधली हवा पंपाने ओढून काढायची होती. सोकोर्रोने घड्याळासारखं एक यंत्र लावलं; त्याचा काटा शून्याखाली, खूप खाली गेला. "आता पंप बंद. उद्यापर्यंत काटा जागचा हलला नाही, तर आपण जिंकलो. हलला, तर कुठूनतरी हवा आत शिरतेय." फिदेन्सिओ त्या काट्यासमोर स्टूल घेऊन बसला. आत काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यावर सगळी भिस्त. बाहेरचं जग सगळ्या बाजूंनी त्या नळ्यांवर रेलतंय, एखादी फट शोधतंय. त्याला आपलं घर आठवलं. आपली खोली, आईची खोली, मधला बोळ; आत कुणी येत नाही, बाहेर कुणी जात नाही, आणि तो चाळीस-पंचेचाळीस वर्षं काट्याकडे बघत बसलेला. तो उठून रस्त्यावर आला, तर समोरच्या दुकानापुढे पोरीबाळी बर्फाचे रंगीत गोळे चोखत उभ्या होत्या, आणि त्याने स्वतःसाठी चिंचेचा एक घेतला. सकाळी काटा सरकलेला होता. सोकोर्रोने कपाळावर हात मारला, शिव्या दिल्या, सांध्यांवर साबणाचा फेस फासला, आणि मागच्या एका सांध्यावर इवलासा बुडबुडा फुगताना दिसला तेव्हा दोघांनी हरवलेलं पोर सापडल्यासारखा आरडाओरडा केला. दुसऱ्या वेळी काटा हलला नाही.

गॅस भरायच्या दिवशी एर्मिनिया केस करून आली होती. पर्स मांडीवर घेऊन ती ब्युइकच्या स्टिअरिंगमागे बसली. मधल्या वर्षांत ती बरीच आक्रसली होती, पण सीट पुढे ओढल्यावर तिचे पाय पोचले. सोकोर्रोने इंजिन चालू केलं, मग डॅशबोर्डवरची एसीची खुंटी दाबली. टक्क असा आवाज झाला आणि इंजिन क्षणभर दबलं, बाजेवर कुणी जड माणूस येऊन बसावा तसं, आणि सावरलं. झडपांतून आधी धूळ आली, मग ऊन वारा, मग तो ऊन राहिला नाही. "एक्केचाळीस!" सोकोर्रो झडपेत खोचलेला पारा बघून किंचाळली. बाहेर एकशे सात होतं.

"आता काचा वर करा," एर्मिनिया म्हणाली. "दार लावा. आणि दोघंही जरा लांब जा."

ते लांब गेले, गॅरेजच्या दाराशी, सावलीत. सोकोर्रोने कागदी पेल्यांत कोला ओतला. काचेपलीकडे आई ताठ बसली होती. तिने डोळे मिटले, उघडले. आणि तिचे ओठ हलू लागले. आधी सावकाश, मग भरभर. मग तिने उजवा हात उचलून शेजारच्या रिकाम्या सीटकडे बोट रोखलं.

फिदेन्सिओ पुन्हा नऊ वर्षांचा झाला. हातातला पेला तोच होता, काच तीच होती. त्याचे डोळे आपसूक मागच्या दिव्यांकडे गेले.

"मावशी कुणाशी बोलतायत?" सोकोर्रोने विचारलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. आणि हे वाक्य उच्चारल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं की हे किती साधं आहे. माहीत नसेल तर माणूस विचारतो. त्याने पेला खाली ठेवला. गाडीपर्यंतचं अंतर काही फार नव्हतं. त्याने दार उघडलं आणि त्या रिकाम्या सीटवर जाऊन बसला. गारवा त्याच्या बाह्यांत, कॉलरमध्ये, घामेजलेल्या पाठीत शिरला; त्याला शहारा आला.

आई अर्ध्या शब्दावर थांबली. "दार लाव. गारवा जातोय."

त्याने दार लावलं. बाहेरचं सगळं, सोकोर्रोचा रेडिओ, रस्ता, करवतीचा आवाज, एकदम पुसलं गेलं. "आई, कुणाशी बोलतेस तू?"

"कुणाशी म्हणजे? तुझ्या आजीशी."

आजी जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. त्याने आईच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तिथे भ्रमाचं नाव नव्हतं. होती ती पत्त्यांत हुकूम हाती लागल्यासारखी खुशी.

"इंग्रजीत," ती म्हणाली. "त्या बाईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मला तरी कुठे येत होतं? मी सीमेपलीकडच्या नोगालेसहून आलेली, तोंड उघडलं की तुझे काका हसायचे. घरात बोलायची चोरी. पण ह्या गाडीच्या काचा वर केल्या की कुत्र्याला ऐकू जायचं नाही. मग मी बसायचे आणि एकेकाला घ्यायचे. आधी सासूबाई. 'तुमच्या मिशा माझ्या नवऱ्याच्या मिशांपेक्षा दाट आहेत.' हे पहिलं वाक्य मी इंग्रजीत शिकले, शब्दकोशात मिशा शोधून. मग तुझे बाबा, मग काका, मग पाद्री. शिव्या कमी पडायला लागल्या तसं वाचायला लागले. रोज नवीन काहीतरी लागायचं ना! दोन वर्षांनी टेलिफोन कंपनीत मुलाखतीला गेले, तर साहेब म्हणाला, तुमचं इंग्रजी फार अस्खलित आहे, कुठे शिकलात? मी म्हटलं, खाजगी शिकवणी होती."

फिदेन्सिओने झडपेकडे तोंड वळवलं. झडपेतून येणारा वारा त्याच्या डोळ्यांवर येत होता. "मला वाटायचं," तो शेवटी म्हणाला, "तू निघून जाणार आहेस. आम्हाला टाकून. मी खिडकीतून बघायचो."

"कुठे जाणार?"

"कुठेतरी. कुणाबरोबर तरी."

तिने खरोखर विचार केला. "कुणाबरोबर रे? आपल्या गल्लीत होतं कोण तसं? तो पाववाला?" आणि मग ती हसायला लागली. "अरे वेड्या, जिथे जायचं तिथेच तर बसले होते मी!" हसता हसता ती मध्येच थांबली आणि त्याच्याकडे वळली. म्हातारी होती, पण टेलिफोनची जोडणी तिच्या हाडात होती. एका टोकाची तार दुसऱ्या टोकाला लावायला तिला वेळ लागला नाही. "म्हणून तू घर सोडलं नाहीस? माझ्यावर पहारा करत होतास?"

"हो. तसंच काहीतरी."

"देवा! आणि मी जन्मभर लोकांना सांगत आले, मुलगा गुणाचा आहे, जरा आळशी आहे एवढंच. त्या अम्पारोलासुद्धा मी हेच सांगितलं!"

फिदेन्सिओला वाटलं आपल्याला राग येईल. तो आला, पायांच्या बोटांपासून वर चढत छातीपर्यंत पोचला, आणि तिथे त्याचं काय झालं कोण जाणे, तोंडातून बाहेर पडलं ते हसू होतं. इतकं मोठं, की दूर उभी असलेली सोकोर्रो पेला घेऊन पुढे झुकली. एक नऊ वर्षांचा मुलगा एका खिडकीशी पहाऱ्याला उभा राहिला होता, आणि त्या घरातून बाहेर पडायचं कुणाच्या मनातही नव्हतं. त्याला त्या मुलाची कीव आली, आणि जराशी लाजही, आणि ह्या दोन्हींवरून हसू वाहतच राहिलं. आईने पर्समधून रुमाल काढून त्याच्याकडे टाकला. मग तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता. ह्या वेळी तो दचकला नाही.

शनिवारी ती म्हणाली, "डोंगरावर जाऊ." लेमन डोंगराचा रस्ता शहराच्या कडेलाच सुरू होतो, पायथ्याशी हात वर करून उभे असलेले सागुआरो निवडुंग, आणि तासाभराने वर पाइनची दाट झाडी. फिदेन्सिओने काचा वर केल्या, एसी लावला, आणि ब्युइक शहरातून अशी निघाली की सिग्नलवरचे लोक वळून बघत होते. एर्मिनियाने राणीसारखा हात हलवला. पण पहिला मोठा चढ लागला आणि इंजिनाचा काटा उजवीकडे सरकू लागला. फिदेन्सिओने एसी बंद केला.

"लाव ते," आई म्हणाली.

"इंजिन तापतंय आई."

"मग?"

काटा आणखी सरकला. टपालाच्या गाडीत चढावर अशी वेळ आली की तो एकच उपाय करायचा. त्याने सगळ्या काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनातली सगळी आग झडपांमधून दोघांच्या अंगावर आली. एर्मिनियाने एक अस्सल इंग्रजी शिवी हासडली, केसांना हात लावला. सकाळी केलेले केस केव्हाच विस्कटले होते. "महिनाभर खपून हे केलंत तुम्ही? जूनमध्ये शेगडी?" ती ओरडली, आणि तोही ओरडून म्हणाला, "काटा खाली येतोय, बघ!" काटा खरंच खाली येत होता. वळणावळणावर ऊन आणि सावली त्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत होती, घाम गळ्यातून पोटावर ओघळत होता, आणि एका वळणानंतर खिडकीतून आत आलेला वारा निराळाच होता, पाइनच्या डिंकाचा वास असलेला. तो आत आला आणि जायचं नावच घेईना.

वरच्या वस्तीत पोचेपर्यंत दोघंही धुतल्यासारखे भिजले होते. आईने खाली उतरून, काठी गाडीला टेकवून, दोन्ही हात पसरून वारा अंगावर घेतला. त्यांनी भाजलेला मका खाल्ला, कॉफी घेतली. ऊन तिरपं झालं तेव्हा फिदेन्सिओ निघायच्या तयारीने उठला, पण ती बाकावरून हलेना. उतारावर ब्रेक तापतील म्हणाली. मग म्हणाली, मला झाडं आवडली. मग काहीच कारण न देता म्हणाली, "आज इथेच राहू."

लाकडी खोल्या भाड्याने देणाऱ्या कचेरीत चष्मा लावलेली एक बाई होती. तिने विचारलं, "एक खोली, दोन खाटांची?" फिदेन्सिओचं तोंड 'हो' म्हणायला उघडलं होतं.

"दोन खोल्या," एर्मिनिया म्हणाली. "आणि शेजारशेजारच्या नकोत." मग त्याच्याकडे वळून, आपल्या स्पॅनिश भाषेत, हळू आवाजात, "मी घोरते. आणि तू जागा राहून ऐकतोस. मला काय कळत नाही?"

त्याने तिला तिच्या खोलीपर्यंत सोडलं, दिव्याचं बटण दाखवलं, काठी हाताशी ठेवली. तिने त्याला हातानेच जा म्हटलं. त्याची खोली झाडांच्या पलीकडे होती. आत एक खाट, एक खुर्ची, खिडकीला चौकड्यांचा पडदा. घरी तो दार किलकिलं ठेवून झोपायचा, बोळातला आवाज कानावर पडावा म्हणून. इथे बोळच नव्हता. तो जरा वेळ दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने दार लावलं आणि कडी घातली. बाहेर अजून उजेड होता. थंडी वाजत होती. त्याने कपाटात शोधलं, तर एक जाड लोकरी पांघरूण सापडलं. ते अंगावर ओढताना त्याला आठवलं की आईला रात्रीची गोळी द्यायची राहिली. तो उठून बसला. मग त्याच्या लक्षात आलं की गोळ्या तिच्याच पर्समध्ये आहेत, आणि तो पुन्हा आडवा झाला.